दुभत्या गाईंच्या मुलखातला काउबॉय

कॅनडाच्या फ्रेंच भाषक क्यूबेक प्रांतात मॉन्ट्रियलहून वीस नंबरच्या महामार्गाने क्यूबेक शहराकडे निघालं की तासाभराच्या आत सँ-यासँतची पाटी येते. यामास्का नदीच्या काठचं हे गाव दोन गोष्टींसाठी नावाजलेलं. एक म्हणजे चर्चचे ऑर्गन. कासाव्हाँ बंधूंनी १८७९ साली इथं कारखाना काढला आणि हजारो पाइपांचे ते अजस्र ऑर्गन इथून दूरदूरच्या चर्चना गेले. मॉन्ट्रियलच्या नोत्र-दाम बॅसिलिकातला १८९१ चा ऑर्गनही यांचाच. दुसरी गोष्ट म्हणजे गुरंढोरं. पशुवैद्यकाचं कॉलेज इथं, शेतीचं जुनं प्रदर्शन इथं, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर सपाट शेतं आणि त्यांत काळ्यापांढऱ्या गाई. सगळ्या दुभत्या. दोन वेळा धारा काढायच्या, थंडी पडली की गोठ्यात घ्यायच्या. या गाईंच्या मागे घोडा फेकत, दोर फिरवत जायची वेळ कुणावर कधी आलेली नाही.

आणि फ्रेंच कॅनडाचा सगळ्यात लाडका काउबॉय नेमका इथलाच. विली लामोत. जन्म २७ जानेवारी १९२० चा, जवळच्याच सँ-यूग या खेड्यातला. वाढला सँ-यासँतमध्ये, आणि १९ ऑक्टोबर १९९२ ला वारला तोही सँ-यासँतमध्येच. मधल्या काळात रुंद काठाची टोपी, भरतकाम केलेला शर्ट, गळ्यात गिटार असा वेष करून हा माणूस ‘मी घोड्यावर बसून गातो’ असं फ्रेंचमध्ये सांगत गावोगाव हिंडला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

मला तो ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मॉन्ट्रियलला आल्यावर सरकारी फ्रेंच वर्गात आम्हां सगळ्या परदेशी मंडळींना गाणी ऐकवली जात ती फेलिक्स लक्लेर आणि जिल विन्यो या क्यूबेकच्या कवी-गायकांची. म्हणजे कविता, बर्फ, मातृभूमी, आणि वहीत उतरवून घ्यायला कठीण शब्द. बाई मोठ्या भक्तिभावानं ती लावायच्या. गाणी सुंदरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण घरी आले की खालच्या मजल्यावरून वेगळंच काहीतरी ऐकू यायचं. रोझमाँ भागातल्या जुन्या घरांची रचना अशी की घरमालक तळमजल्यावर, भाडेकरू वर, आणि वर जायला बाहेरून वळणाचा लोखंडी जिना. घरमालक आजोबा क्यूबेकमधल्याच बोस भागातले, उमेदीची वर्षं उत्तरेत धरणांच्या कामांवर ट्रक चालवलेले. रविवारी सकाळी चर्चला जायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. त्या वेळात ते तबकड्या लावत.

त्यांतली एक ७८ फेऱ्यांची होती, आरसीए व्हिक्टरची, भोंग्यापुढे बसलेला तो कुत्रा छापलेली. कडेला तडा गेला होता. प्रत्येक फेरीला सुई त्या तड्यावरून उडायची आणि टक् असा आवाज यायचा. गाणं घोड्याचंच, त्यामुळे ती टकटक खटकायची तर नाहीच, उलट नंतर यूट्यूबवर स्वच्छ केलेलं तेच गाणं ऐकलं तेव्हा मला चुकचुकल्यासारखं झालं. ‘ज शाँत आ शव्हाल’, म्हणजे तेच ‘मी घोड्यावर बसून गातो’. विलीची १९४६ च्या सुमाराची ही सुरुवातीची तबकडी. ‘ज स्वी अँ काउबॉय कानादियँ’ म्हणजे ‘मी कॅनडाचा काउबॉय’ हीसुद्धा त्याच काळातली. आवाज कसलेला नाही. किंचित नाकातला, हसरा, खेडवळ हेलाचा. गाताना तोंड भरून हसत असणार हे तबकडीवरूनही कळतं.

हे खूळ आलं कुठून, याचा मी बराच शोध घेतला. उत्तर एकच नाही. रात्र झाली की रेडिओच्या लहरी लांब जातात, आणि अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीए हे पन्नास हजार वॉटचं केंद्र पूर्व कॅनडातल्या घराघरांत लागायचं. शनिवारी रात्री तिथून गाण्यांची मैफल प्रसारित होई. शब्द कळत नसलेली माणसं बॅटरीच्या रेडिओला कान लावून बसत. आजोबा सांगायचे की त्यांच्या घरी त्या वेळी बोलायची बंदी असे, आणि इंग्रजी कुणालाच येत नसल्यामुळे बंदी कशासाठी हे त्यांना लहानपणी कळत नसे. गिटारसाठी, व्हायोलिनसाठी, स्टील गिटारच्या त्या रडव्या मींडीसाठी. दुसरीकडे मॉन्ट्रियलच्या सँ-आंरी या कामगार वस्तीत आरसीए व्हिक्टरचा कारखाना होता आणि तिथं गाणी मुद्रित होत. नोव्हा स्कोशियातून आलेल्या विल्फ कार्टर आणि हँक स्नो या दोन इंग्रजी काउबॉय गायकांची पहिली ध्वनिमुद्रणं १९३३ आणि १९३६ साली मॉन्ट्रियलमध्येच झाली. म्हणजे टेक्सास फार लांब होतं, पण तबकडी बनत होती ती ट्रामच्या अंतरावर.

सिनेमाची गोष्ट मात्र मजेशीर आहे. ९ जानेवारी १९२७ ला मॉन्ट्रियलच्या लॉरिए पॅलेस थिएटरात आग लागली, चेंगराचेंगरी झाली आणि ७८ मुलं दगावली. त्यानंतर १९२८ साली क्यूबेकमध्ये कायदा झाला: सोळा वर्षांखालच्या मुलांना सिनेमा थिएटरात प्रवेश नाही. पाद्री मंडळींना सिनेमा नकोच होता, त्यांना आयतं निमित्त मिळालं, आणि हा कायदा पुढे साठच्या दशकापर्यंत टिकला. आता हिशेब करून पाहा. विली सोळा वर्षांचा झाला १९३६ साली. गाणारा काउबॉय जीन ऑट्री पडद्यावर नायक म्हणून दौडू लागला १९३५ मध्ये. दार उघडलं आणि समोर ऑट्री घोड्यावर, हातात गिटार! आठ वर्षं दारात अडवून धरलेल्या पोराला असा नायक पहिल्यांदा दिसल्यावर त्याचं काय होत असेल, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. पुढे विलीला याच ऑट्रीबरोबर एका रंगमंचावर गायलाही मिळालं.

पण क्यूबेकचं वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या ढंगाचं, गाणं लोकांपर्यंत पोचलं ते घोड्यावरून नव्हे, फौजी बुटांतून. दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीवरून कॅनडा उभा फाटला होता. एप्रिल १९४२ च्या सार्वमतात बाकी देशाने सरकारला मोकळीक दिली, आणि क्यूबेकमध्ये सुमारे ७२ टक्के मतं विरोधात पडली. इंग्लंडच्या राजासाठी आमच्या पोरांनी का मरायचं, हा त्यांचा साधा सवाल होता. अशा वेळी मातापेदिया खोऱ्यातल्या आंकी गावचा रोलाँ लब्राँ हा साधा शिपाई गणवेषात, एका गिटारवर, आईचा निरोप घेणाऱ्या सैनिकाची गाणी गाऊ लागला. ‘सोल्दा लब्राँ’ म्हणजे शिपाई लब्राँ याच नावानं त्याच्या तबकड्या १९४२ पासून निघाल्या आणि स्वयंपाकघरांतून बायका रडल्या. ती गाणी आज ऐकली तर कमालीची साधी वाटतात. चाल अशी की दुसऱ्या कडव्याला आपणही गुणगुणू. विलीनंही फौजेतच, बराकीतल्या जवानांसमोर गायला सुरुवात केली. त्याआधी तो गावात नाच शिकवायचा. लब्राँनं लोकांना रडवलं होतं. नाचाच्या मास्तरानं ठरवलं असावं की आपण हसवू.

युद्ध संपल्यावर मग रांगच लागली. ग्रानबीचा पॉल ब्रुनेल, ड्रमंडव्हिलचा मार्सेल मार्तेल, आणि विली. तिघंही दक्षिण क्यूबेकच्या गिरणगावांच्या पट्ट्यातले, जवळजवळ एका वयाचे. गळ्याच्या तयारीनं पाहिलं तर ब्रुनेल आणि मार्तेल विलीपेक्षा सरस, हे माझं मत. मार्तेलचा आवाज मखमली. विलीकडे होतं ते वेगळं: माणसांत मिसळायची हातोटी. त्याच्या लहान मुलाला उद्देशून केलेलं ‘आलो आलो पती मिशेल’ हे गाणं घ्या. दौऱ्यावर गेलेला बाप घरी फोन करतो आणि पोराशी बोलतो, एवढंच त्यात आहे. घोडा नाही, बंदूक नाही, कुरण नाही. ते गाणं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की टोपी काढून ठेवली तर याच्या गाण्यांत काउबॉय फारसा उरतच नाही. उरतो तो घरापासून लांब असलेला कमावता माणूस.

आणि ही तर तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन माणसं शेतं सोडून अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत गेली. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट या गावांत त्यांच्या ‘छोट्या कॅनडा’ वस्त्या उभ्या राहिल्या. जे गेले नाहीत ते हिवाळाभर लाकूडतोडीच्या तळांवर, नाहीतर आबितिबीच्या खाणींत, नाहीतर पुढे उत्तरेच्या धरणांवर. बाई-पोरं घरी, पुरुष बर्फात. विली आणि त्याच्या बरोबरीचे गायक या सगळ्या ठिकाणी जात, सीमेपलीकडच्या गिरणगावांतही. चर्चच्या तळघरातला हॉल, शेतीप्रदर्शनाचा मांडव, जिथं वीज आणि खुर्च्या असतील तिथं. कुरणात एकटा पडलेला काउबॉय घरच्या आठवणीनं गातोय, हे अमेरिकन चित्र त्यांना परकं वाटायचं कारणच नव्हतं. कुरणाच्या जागी पाइनचं रान घातलं की झालं.

शहाण्यासुरत्या लोकांना मात्र हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. आधी पाद्री नाराज, कारण गाणी उथळ. साठच्या दशकात क्यूबेक बदललं, चर्चचा पगडा ढिला पडला, फ्रेंच अस्मितेची लाट आली, आणि आता नव्या विद्यापीठातली पोरं नाराज, कारण गाणी अमेरिकेची नक्कल. छोट्या कॉफीघरांतून गिटारवर स्वतःच्या कविता गाणारे गायक हे नव्या क्यूबेकचे आवाज ठरले. विलीचं नाव निघालं की नाक मुरडायचं. मराठी वाचकाला हे नाकमुरडणं समजावून सांगायला नको; दादा कोंडक्यांच्या सिनेमाला लालबागमध्ये रांगा लागत होत्या तेव्हा पुण्याच्या दिवाणखान्यांत काय बोललं जात होतं ते आठवावं.

नक्कल होती का? होतीच की. विलीनं ती कधी लपवलीही नाही. ‘कॅनडाचा काउबॉय’ असं गाण्याच्या नावातच सांगून मोकळा झालेला माणूस तो. पण मला एक गोष्ट या शहाण्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. मॉन्ट्रियलच्या कारखान्यांत मुकादम इंग्रजी, पगाराची पावती इंग्रजी, दुकानाच्या पाट्या इंग्रजी असा तो काळ. रेडिओवर येणारं फॅशनेबल गाणंही इंग्रजी. अशा वेळी शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं गाणं त्याच्याच भाषेत, त्याच्याच उच्चारांत मिळालं ते या टोपीवाल्यांकडून. पॅरिसची फ्रेंच नव्हे, गोठ्यातली फ्रेंच. अस्मितेची भाषणं करणाऱ्यांच्या आधी पंधरा-वीस वर्षं हे लोक ते काम करत होते, आणि त्याचं भाषण करत नव्हते. विन्योंबद्दल आदर ठेवूनही मी हे म्हणेन.

१९६१ च्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला तेले-मेत्रोपोल ही खासगी दूरचित्रवाहिनी सुरू झाली, दहा नंबरची. सरकारी रेडिओ-कॅनडावर नाटकं, चर्चा, सिंफनी. दहा नंबरवर कुस्ती, विनोद, गाणी. कामगारवर्गानं ती लगेच आपली मानली. याच वाहिनीवर १९७० पासून ‘ल राँश आ विली’, म्हणजे विलीचा गोठा-वाडा म्हणा हवं तर, हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि सहाएक वर्षं चालला. लाकडी कुंपण, गवताच्या पेंढ्या, आणि मध्ये विली. शेजारी बॉबी हाशे. हा शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बाथर्स्टचा अकेडियन, म्हणजे तिकडचा फ्रेंच भाषक, विलीपेक्षा बारा वर्षांनी लहान आणि वादक म्हणून कितीतरी मोठा. दोघांची जोडी जमून गेली. विली विनोदाची फिरकी घेणार, हाशे सरळ चेहऱ्यानं ऐकून घेणार आणि मग गिटारवर अशी काही चक्री तान सोडणार की विलीनं नुसतं बघत राहावं. आजोबा म्हणायचे, त्या रात्री आमच्या गल्लीत फोन वाजला तर कुणी उचलत नसे.

त्याच सुमारास शहाण्यांचंही मन बदलू लागलं, आणि यात सिनेमावाल्यांचा हात होता. राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या जाक ल्द्युक आणि ल्युसियँ मेनार यांनी १९७१ मध्ये विलीवर माहितीपट केला. नाव त्याच जुन्या गाण्याचं. मग जिल कार्ल या दिग्दर्शकानं त्याला चक्क नट केलं. १९७२ च्या ‘ला व्हरे नात्युर द बेर्नादेत’मध्ये तो गावचा पोस्टमन आहे. पुढच्या वर्षीच्या ‘ला मॉर दँ ब्यूशरों’मध्ये मात्र कार्लनं त्याच्याकडून अवघड काम करून घेतलं. कॅरोल लोरनं केलेली नायिका खेड्यातून शहरात येते, हरवलेल्या लाकूडतोड्या बापाच्या शोधात. तिला एका वेस्टर्न बारमध्ये गायिकेचं काम मिळतं, आणि तो बारमालक तिला अर्धवट कपड्यांत, डोक्यावर काउबॉयची टोपी घालून उभी करतो. हा बारमालक म्हणजे विली. गोड बोलणारा, मायाळू, आणि पोरीच्या अंगावर धंदा करणारा. ज्या टोपीनं आयुष्यभर भाकरी दिली, तिचाच असा घाणेरडा उपयोग पडद्यावर स्वतः करून दाखवायला छाती लागते. दोन्ही सिनेमे फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होते. दुसऱ्यासाठी विलीला १९७३ चा सर्वोत्तम साहाय्यक अभिनेत्याचा कॅनडियन फिल्म पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी क्यूबेकच्या दिग्दर्शकांनी बहिष्कार घातल्यामुळे पुरस्कार सोहळाच रद्द झाला. म्हणजे टाळ्या नाहीतच. विलीनं यावर एखादा विनोद नक्की केला असणार.

आता त्या गाण्याकडे येते. ‘मिल आप्रे मिल’. मैलामागून मैल. विलीचं नाव आज ज्याला काहीच ठाऊक नाही, अशा विशीतल्या क्यूबेकी पोरालाही हे गाणं येतं. आणि ते विलीनं लिहिलेलं नाही. जेराल्द जोली या गीतकाराचं हे गाणं विलीनं १९६९ च्या आसपास गायलं. इतकी वर्षं स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्या माणसाच्या नावावर शेवटी दुसऱ्याचं गाणं गोंदलं जावं! गाण्यात आहे काय? जन्मभर प्रवासाची हौस असलेला माणूस रस्त्यावर आहे आणि त्याला करमत नाही. मैलामागून मैल उदास, दिवसामागून दिवस रस्ता, आणि तिला कळणार नाही आपलं तिच्यावर किती प्रेम आहे. संपलं. घोड्याचा उल्लेखही नाही. चाल ना धीमी ना जलद, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सोडून दिल्यावर जी असते ती. विली ते गातो तेव्हा त्याचं नेहमीचं हसू त्यात नाही. पन्नाशी गाठत आलेला, बरीच वर्षं हॉटेलांच्या खोल्यांत झोपलेला आवाज आहे तो. ज्या ओळीवर दुसऱ्या कुणी गळा काढला असता, तिथं तो नुसता बोलून पुढे जातो, आणि म्हणूनच ते आत जातं.

१९७७ च्या सप्टेंबरपर्यंत कॅनडातल्या रस्त्यांवरच्या सगळ्या पाट्या मैलांच्या किलोमीटर झाल्या. गाण्यात मैलच राहिले, आणि गाणाऱ्या कुणालाही आजवर ते खटकलेलं नाही.

पाट्या बदलल्या त्याच सुमाराला विलीला पक्षाघाताचा झटका आला आणि रंगमंच सुटला. आठवड्यातून एकदा सगळ्या प्रांताच्या घरांत शिरणारा, तोंडाला खळ नसलेला माणूस त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं जगला, बराचसा घरातच. या भागाबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांतून अधूनमधून येणारं कौतुक तोवर फार प्रेमळ झालं होतं. आजारी माणसाबद्दल शहाणे लोक नेहमीच उदार होतात.

वेस्टर्नची टोपी मात्र क्यूबेकमध्ये कुणी खुंटीला टांगून ठेवली नाही. मार्सेल मार्तेलची मुलगी रने लहानपणी बापाबरोबर रंगमंचावर उभी राहिली, साठच्या दशकात मिनी स्कर्ट घालून पॉप गाणी गाऊन गाजली, आणि नंतर बापाच्या गाण्याकडे परत आली. २०२१ च्या डिसेंबरात ती गेली तेव्हा टीव्हीवर दिवसभर तीच होती. आणि दर सप्टेंबरात मोरिसी भागातल्या सँ-तीत गावात वेस्टर्न महोत्सव भरतो. जेमतेम चार हजार वस्तीचं गाव, त्यात लाखो माणसं लोटतात. याची सुरुवात १९६७ साली झाली ती कशी, हे ऐकून मला फार बरं वाटलं. गावात चामड्याचे कारखाने, बुले कंपनी बूट बनवायची, तर मालाची जाहिरात व्हावी म्हणून घोडेस्वारीचे खेळ भरवले. टेक्सासची हौस वगैरे नंतर. आधी बूट खपायला हवे होते.

आम्ही एकदा गेलो. गावकरी आपापली परसं भाड्यानं देतात, त्यात झोपायच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. प्रत्येक गाडीपुढे शेकोटी, शेकोटीपुढे घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांत टोप्या. माझ्या नवऱ्याला वाटलं की आपल्यासारख्या सावळ्या माणसांकडे सगळे वळून पाहतील. पाहिलंही, पण मुख्यतः आमच्या पायांकडे, कारण आम्ही स्पोर्ट्‌स शूज घालून आलो होतो. एका बुटाच्या दुकानात शिरलो. विक्रेत्या बाईनं बूट उलटा करून तळव्याच्या शिवणीवर बोट फिरवून दाखवलं, चामडं नखानं दाबून वळ कसा लगेच बुजतो ते दाखवलं, आणि किंमत सांगितल्यावर आमचे चेहरे पाहून हसली. शेजारच्या तंबूत बँड वाजवत होता. चौथं-पाचवं गाणं म्हणून ‘मिल आप्रे मिल’ सुरू झालं आणि त्या बाईनं हातातला बूट तसाच धरून पूर्ण ध्रुपद म्हटलं, मग विचारलं, ‘तर नंबर किती घालता?’

ऐकायचंच असेल तर माझा सल्ला असा. आधी ‘मिल आप्रे मिल’ ऐकू नका; ते आधी ऐकलं तर बाकीचा विली पोरकट वाटेल. सुरुवात ‘ज शाँत आ शव्हाल’नं करा, शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. मग ‘पती मिशेल’, मग मार्सेल मार्तेलची दोन-तीन, तुलना व्हावी म्हणून. माहितीपट चित्रपट मंडळाच्या संकेतस्थळावर शोधून पाहा. आणि दहा नंबरच्या वाहिनीवरची जुनी चित्रफीत सापडली तर विलीकडे बघायचं, पण कान हाशेकडे ठेवायचे. हे शेवटचं आजोबांचं. विलीची गिटार त्यांच्या मते पोशाखाचाच एक भाग होती. एवढं सगळं कौतुक करून असं कसं म्हणता, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘गिटार ऐकायला कोण जायचं? विलीला भेटायला जायचो आम्ही.’